मेन स्विचवरचा रुमाल

हेवा म्हटलं की जरा बरं दिसतं, चारचौघांत बोलता येतं. पण मला जे वाटायचं तो हेवा नव्हता, मत्सर होता. चांगला अंगाची लाही लाही करणारा. आमच्या कॉलेजातले इलेक्ट्रिकलचे ते प्रोफेसर, पुढे डीन झालेले, समोरून येताना दिसले की माझं डोकं तडकायचं. आणि ते सारखे समोरून यायचे. आले की हसायचेसुद्धा.

आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो होतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मंचर आणि नारायणगावच्या मधे, हायवेपासून आत एका माळावर संस्थेनं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं होतं. इमारत अर्धी, लॅबवर पत्रे, आणि इलेक्ट्रिकलला मास्तर दोनच. एक मी, एक ते. माझ्याकडे विद्यापीठाचं सुवर्णपदक होतं. त्यांच्याकडे सेकंड क्लास होता, आणि मुलाखतीला ते छातीवर दोन ठिकाणी जळालेला शर्ट घालून आले होते. अध्यक्षांनी विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "सोल्डरिंग करताना थेंब पडले. दुसरा शर्ट याहून वाईट आहे." अध्यक्ष इतके हसले की माझं पदक फाइलमध्येच राहिलं. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. डीनची खुर्ची. यामागे माझे वडील होते. मंचरला आमचं कापडाचं दुकान. पणजोबा कधी काळी राजस्थानातून आले, आता घरात मारवाडी फक्त म्हातारी माणसं भांडताना वापरायची. मी गादीवर बसायला नकार दिला तेव्हा वडील म्हणाले होते, "स्वतःची गादी सोडून दुसऱ्याच्या खुर्चीवर बसायला चाललास. बस." मीही ताडकन म्हणालो, "बसेन तर मोठ्या खुर्चीवरच बसेन." बोलून गेलो आणि अडकलो. त्यानंतर रोज जेवताना वडील विचारायचे, "मग? मोठी खुर्ची आली का?"

आता त्या माणसाचा कायदा सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. लॅबमध्ये मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विचचा खटका खाली ओढायचा आणि त्याला स्वतःचा रुमाल बांधायचा. काम झालं की ज्याचा रुमाल त्यानंच सोडायचा. दुसऱ्या कुणी नाही. प्राचार्यांनी नाही, अध्यक्षांनी नाही, खुद्द सरांनी नाही. पाच पोरं काम करत असतील तर पाच रुमाल, आणि पाचवा सुटेपर्यंत खटका वर जायचा नाही. मुली आधी ओढणी बांधायच्या, मग त्याही रुमाल आणू लागल्या. सर म्हणायचे, "करंटला ओळखपाळख नसते. आत कोण आहे ते रुमालाला माहीत."

मी एकदा वर्गासमोर सांगितलं की परदेशात यासाठी कुलपं वापरतात, मी पुस्तकात वाचलंय. सर मागच्या बाकावर बसले होते. माझ्या तासाला येऊन बसायची त्यांना खोडच होती. म्हणाले, "बरोबर आहे. पण कुलपाची किल्ली हरवते हो. रुमाल प्रत्येकाच्या खिशात असतो." पोरं हसली. तास माझा, ज्ञान माझं, आणि हशा त्यांना. असं रोज.

रुमाल सगळे आमच्याच दुकानातले. पांढरे, बारीक किनारीचे, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे. त्यामुळे मोठा घोटाळा व्हायचा. शेवटी सरांच्या बायकोनं, वहिनींनी, त्यांच्या रुमालांच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं फुली घातली. माझ्या आईनं ते पाहिलं आणि माझ्या रुमालांवर लाल दोऱ्यानं घातली. आईचं शिवण चांगलं, पण डोळे अधू झालेले, तिची फुली नेहमी वाकडी यायची.

तेव्हा सर मंचरला भाड्याच्या खोलीत राहायचे आणि सुट्टीला आपल्या गावी, महाळुंगे पडवळला जायचे. कॉलेजला आम्ही दोघं एसटीनं जायचो. सकाळच्या नारायणगाव गाडीला ही झुंबड. कांदा-बटाट्याच्या पिशव्या, शाळेची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया. मी इस्त्रीचा शर्ट सांभाळत मागे उभा राहायचो. सर मात्र गाडी फाटकातून आत वळली की धावत सुटायचे आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. पण त्यातही विक्षिप्तपणा. स्वतःच्या रुमालावर ते फक्त स्वतःची जागा धरायचे. पळण्याआधी माझ्यापुढे हात करायचे, "तुमचा द्या."

"अहो, तुमचेच दोन टाका की."

"माझ्या रुमालावर तुम्ही कसे बसाल? ते खोटं होईल."

मग माझा रुमाल काढून द्यायचा. ते दोन्ही टाकायचे, कंडक्टरशी भांडायचे, मला खिडकीपाशी बसवायचे. माझा रुमाल परत द्यायचं मात्र त्यांच्या कधी ध्यानात राहायचं नाही. आई दर महिन्याला ओरडायची, "तुझे रुमाल जातात कुठं रे? खातोस की काय?"

आणि खिडकीत बसून तरी सुख होतं का? नाव नको. गाडी कुठल्या तरी थांब्याला उभी राहिली की हा माणूस कान टवकारायचा. रस्त्याकडेला डीपी असायची, खांबांवरचा तो ट्रान्सफॉर्मर हो. तिची घूं घूं ऐकून म्हणायचे, "ही कण्हतीय. चला उतरू." मी म्हणायचो, "पहिला तास आहे!" "तास उद्याही असतो. ही उद्या नसेल." की उतरलेच. मग खेड्यातली माणसं गोळा, वायरमनला बोलावणं, चहा. एकदा तर खरंच त्याच दुपारी ती डीपी धडाम झाली, आणि मग काय विचारता! पंचक्रोशीत नाव झालं. त्यांच्यासोबत मीही उतरलो होतो हे कुणाच्या लक्षातही नाही.

वारूळवाडीला एकदा मी माझ्या कामानं चाललो होतो. शेताच्या कडेला डीपीच्या खटक्याला एक मळकं उपरणं बांधलेलं, आणि वर खांबावर एक जण चढलेला. मला कौतुक वाटलं म्हणून खाली उभ्या म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, हे उपरणं कशाला?"

"त्ये? त्ये सोडायचं न्हाई. ज्याचं हाय त्यो वर हाय." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुमी कालेजातले का? त्या सरांच्या हाताखाली?"

हाताखाली! सुवर्णपदकवाला मी, आणि सेकंड क्लासच्या हाताखाली! "बरोबरीचा आहे मी," असं म्हटलं. म्हातारा म्हणाला, "आसंल, आसंल. लई भला माणूस हाय राव त्यो." मी तिथून चालता झालो.

सगळ्यात जास्त मी कशानं जळायचो सांगू? त्यांच्या 'येत नाही'नं. वर्गात पोरानं अवघड काही विचारलं की हा माणूस खडू खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "मला नाही येत." अगदी आनंदानं. "उद्या बघून येतो. तूही बघून ये. ज्याला आधी सापडेल त्याचा चहा दुसऱ्यानं द्यायचा." पोरं लायब्ररीवर तुटून पडायची. मला सगळं यायचं. देवाशप्पथ, सगळं यायचं. आणि मला कुणी काही विचारायचंच नाही. ज्याला येत नाही त्याच्याभोवती गर्दी आणि ज्याला येतं तो एकटा डबा खातोय, हा कुठला न्याय?

तोंडी परीक्षेत ते एकच प्रश्न विचारायचे, "घरी काय मोडलंस?" कुणी सांगायचं मिक्सर, कुणी टेबलफॅन, एकीनं सांगितलं शेजाऱ्याचा टीव्ही. मग अर्धा तास त्याच्यावरच. एका हुशार मुलानं सांगितलं की मी काहीच मोडलं नाही, तर सर हळहळून म्हणाले, "अरेरे. जा, काहीतरी मोडून ये." तो मुलगा माझा लाडका होता. पुढे तोही त्यांचा झाला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. सर बौद्ध कुटुंबातले. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतलेली, आणि आई-वडिलांनी दुसऱ्याच्या शेतात राबून आधी स्वतःचं रान केलं, मग पोराला शिकवलं. संस्थेतले काही लोक माझ्या कानाशी लागायचे, "तुमच्यासारखा माणूस असताना ह्यांना कशाला पुढं करतात?" त्या 'ह्यांना'चा अर्थ मला कळत होता. मी त्यांना सरळ हाकलायचो. माझा मत्सर माझा स्वतःचा होता, कष्टानं वाढवलेला, त्यात त्यांची भागीदारी मला नको होती. मला त्यांना हरवायचं होतं ते इंजिनिअरिंगमध्ये.

आणि संधी आली. कॉलेज वाढलं, विभाग वाढले, डीन नेमायचं ठरलं. त्याच सुमाराला विद्यापीठाची कमिटी तपासणीला येणार होती. अध्यक्षांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "कमिटीपुढं जो कॉलेजची लाज राखंल, त्यो डीन. मला पुस्तकातलं काय कळत न्हाई." सर विभागप्रमुख होते, म्हणून फिरवायचं काम त्यांच्याकडे. प्रात्यक्षिक माझ्याकडे. मी महिनाभर घाम गाळून एक पॅनेल उभं केलं, मोटारीचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारं. लॅबला रंग दिला. नवा शर्ट शिवला. घरी वडिलांना सांगितलं, "आता येते बघा खुर्ची."

कमिटी आली. प्रमुख एक पिकल्या मिशांचे, जाड भिंगांचे म्हातारे गृहस्थ होते. अध्यक्ष, प्राचार्य, पोरं, सगळा लवाजमा लॅबच्या दारात. मी पॅनेलपाशी तयार. सर पुढे झाले, मेन स्विचपाशी गेले आणि थबकले. खटका खाली होता. त्याला एक पांढरा रुमाल बांधलेला होता.

"कुणाचा आहे?" सरांनी विचारलं.

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"अहो, कुणीच नाही आत," प्राचार्य म्हणाले. "सगळ्या मोटारी समोर दिसताहेत. सोडा तो."

"माझा नाही, सर. मी कसा सोडू?"

अध्यक्षांचा चेहरा तापायला लागला. "सर, त्ये फडकं सोडा. पावणं उभं हायेत."

"साहेब, पाहुण्यांना बसायला देऊ. ज्याचा आहे तो येईल."

झालं! पोरं सुटली शोधायला. कँटीन, लायब्ररी, हॉस्टेल. एक जण सायकल घेऊन हायवेपर्यंत गेला. कमिटी स्टुलांवर बसली. चहा आला. चहा संपला. पुन्हा चहा आला. अध्यक्ष उठून म्हणाले, "मी सोडतो," आणि पुढे झाले, तर हा माणूस स्विचच्या आडवा उभा राहिला. हात जोडलेले, पण हटायला तयार नाही. "साहेब, नोकरी घ्या. पण ह्याला हात नको."

मला काय वाटत होतं ते लपवत नाही. मला उकळ्या फुटत होत्या. संपला, म्हटलं, हा माणूस आज संपला. आणि तेवढ्यात माझी नजर गाठीकडे गेली. गाठीतून कोपऱ्याचं टोक बाहेर आलेलं होतं. आणि त्यावर निळा दोरा.

अहाहा! त्या क्षणासाठी मी इतकी वर्षं जळत आलो होतो. मी घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "सर, तो रुमाल तुमचाच आहे. निळी फुली बघा."

सर वळले. वाकून बघितलं. मग कपाळावर असा हात मारून घेतला की भिंगवाले दचकले. "अरेच्चा! काल संध्याकाळी मीच बांधला. त्या कोपऱ्यातल्या मोटारीचा बेल्ट बदलत होतो. बदलला, आणि तसाच घरी गेलो की!" मग काय करावं त्यांनी? लपावं, ओशाळावं, काहीतरी कारण द्यावं? छे. रुमाल सोडला, खिशात घातला, पोरांकडे वळून म्हणाले, "बघा, असा विसरायचा नसतो. माझी चूक. तुम्हाला उगाच पळवलं." आणि जो सायकलवर गेला होता तो परत येईपर्यंत थांबून त्याचीही माफी मागितली.

पोरं हसू दाबत होती. अध्यक्ष रुमालानं घाम पुसत होते. मी विजयी मुद्रेनं कमिटीकडे पाहिलं. तर ते म्हातारे प्रमुख गदागदा हसत होते. हसता हसता ठसका लागला, कुणीतरी पाणी दिलं. पाणी पिऊन ते अध्यक्षांना म्हणाले, "मी खूप कॉलेजं पाहिली. तपासणीच्या दिवशी सगळं लावून दाखवतात. तुम्ही सांगूनही खटका न लावणारा माणूस तुमच्याकडे आहे. तुमच्या लॅबमध्ये पोरगं मरणार नाही."

माझं पॅनेल त्यांनी पाहिलं. "छान आहे," म्हणाले. बस, एवढंच.

महिन्याभरात सर डीन झाले. माझ्या तोंडानं झाले! मी गप्प बसलो असतो तर त्या दिवशी ते नक्की घरी गेले असते. घरी वडिलांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, चिडतील. ते गल्ल्यावरून उठले, मांडणीवरून रुमालांचा एक नवा डझनाचा बॉक्स काढला आणि म्हणाले, "त्यांना दे. माझ्याकडून म्हणावं." आणि तो मलाच न्यावा लागला.

डीन म्हणून त्यांनी काय केलं? केबिनचा पडदा काढला. बेल काढून टाकली. दारावर बाहेर दोन बल्ब लावले, आत टेबलापाशी त्यांची बटणं. हिरवा म्हणजे या. लाल म्हणजे आत कुणीतरी रडतंय, थांबा. आम्हाला वाटलं चेष्टा आहे. पण तो लाल बल्ब किती वेळा लागायचा! नापास झालेली पोरं, घरून फी येत नाही अशा पोरी, एकदा तर वर्कशॉपचे धिप्पाड इन्स्ट्रक्टर डोळे पुसत बाहेर आले. मी माझ्या केबिनच्या दारात उभा राहून तो लाल दिवा बघत बसायचो. माझ्या केबिनमध्ये कधी कुणी रडलं नाही.

अशी वर्षं गेली. मंचरहून मी स्कूटरनं जाऊ लागलो, मग मोटारीनं. सर मात्र एसटीनंच यायचे. आई गेली. माझ्या लाल फुलीचे रुमालही हळूहळू संपले. वडिलांनी खुर्चीचं विचारायचं सोडून दिलं, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

मग एकदा सर जिना चढताना मधेच बसले. छातीत कळ. पुण्याला नेलं, बायपास झालं. अध्यक्षांनी मला बोलावलं. ते आता थकले होते. "सर येईस्तोवर डीनचं काम तुमी बघा," म्हणाले.

मी तडक केबिनमध्ये गेलो. मोठं टेबल, मागे खिडकी, आणि ती खुर्ची. मी पुढे झालो आणि जागच्या जागी उभा राहिलो. खुर्चीच्या हातावर पांढरा रुमाल बांधलेला होता. आवळून, कोपरे आत दाबून.

शिपायाला विचारलं तर म्हणाला, "सरांनीच बांधला. आजारी पडायच्या आधी बरेच दिवस ते तसंच बसायचे, रुमालाशेजारी हात ठेवून. सोडू का?"

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. मला काय संताप आला म्हणून सांगू! छाती फाडून घेऊन माणूस पुण्याला पडलाय, आणि तरी जागा धरून गेलाय! येईन म्हणतोय! बरं, सोडावा तर त्याच्याच कायद्यात वाढलेली सगळी पोरं दारातून बघताहेत. मी म्हटलं, ठीक आहे. मीही त्याच्या रुमालाला बोट लावणार नाही. समोर पाहुण्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, त्यांतल्या एकीवर बसलो आणि तिथूनच डीनचं काम सुरू केलं.

हसायचे लोक. बाहेरगावचे पालक आले की रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारायचे, "साहेब कधी येणार?" मी म्हणायचो, "मीच आहे." त्यांना ते पटायचं नाही. एकदा दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. घोडेगावकडची. बोलता बोलता रडायला लागली. घरचे लग्न लावून देताहेत, परीक्षेआधीच. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो, टेबल मधे नव्हतंच. मला काय करावं सुचेना. हात लांब करून मी ते लाल बटण दाबलं. ती बराच वेळ बोलली. मी तिच्या वडिलांना भेटायला गेलो, लग्न पुढे ढकललं. घरी येताना मला इतका आनंद झाला होता की कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. आणि सांगायला माणूस आठवला तो तोच. म्हणजे बघा.

पावसाळा सरला आणि कळलं, सर परत येणार नाहीत. स्वेच्छानिवृत्ती घेतली. अध्यक्ष फोनवर म्हणाले, "आता तुमचीच ऑर्डर काढतोय. बसा खुर्चीवर." मी त्याच रविवारी महाळुंगेला गेलो. म्हटलं, हे आज मिटवायचंच.

सर अंगणात खाटेवर बसले होते. निम्मे झालेले. मला बघून हसले, तेच हसू. वहिनींनी चहा आणला. ख्यालीखुशाली झाली. मग मी मुद्द्यावर आलो.

"सर, तुम्ही येत नाही आहात. आता तरी तो रुमाल सोडा."

"कुठला?"

"खुर्चीला बांधलाय तो! इतके महिने मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतोय. लोक हसतात मला."

सर माझ्याकडे बघतच राहिले. "प्लास्टिकच्या? अहो, का?"

"का म्हणजे? तुमचा रुमाल, तुम्हीच सोडायचा."

सरांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढून मांडीवर ठेवला. कोपऱ्यात निळी फुली. "माझा तर हा माझ्याजवळ आहे." आणि मग वहिनींकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का? हे महिनोन्महिने प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेत." वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला हसताहेत की काय, कळेना. सर हळूच म्हणाले, "मी कधी माझ्या रुमालावर दुसऱ्याची जागा धरली होती का?"

चहा तसाच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर कॉलेजात गेलो. केबिनचं दार लावून घेतलं. गाठ इतकी घट्ट बसली होती की नखं दुखली. शेवटी सुटली. कोपरा उलगडला. लाल दोऱ्याची फुली. वाकडी. आईच्या हातची.

म्हणजे तो एसटीच्या दिवसांतला होता. इतकी वर्षं या माणसानं तो जपून ठेवला होता, आणि स्वतः त्या खुर्चीवर बसलेला असतानाच माझ्यासाठी बांधला होता.

मी खुर्चीत बसलो. जिच्यासाठी जन्मभर जळलो ती खुर्ची. मला त्यांचा इतका राग आला म्हणून सांगू! जिंकू द्यायचं होतं ना एकदा तरी मला! तीही स्वतःच धावत जाऊन, गर्दीत घुसून, माझ्यासाठी धरून ठेवायची काय गरज होती? बाहेर शिपायानं दार वाजवलं. पोरं आली होती, कसली तरी सही हवी होती.

मी रुमाल डोळ्यांना लावला, आणि दुसऱ्या हातानं लाल बटण दाबलं.